एकोणतीस स्थानांची संख्या

जुन्या पेढ्यांवर वर्षअखेरीचा हिशेब मिटविण्याचे काम रात्री उशिरापर्यंत चाले. रोजकीर्दीतील नोंदी खतावणीत चढविल्या जात, खतावणीवरून तेरीज काढली जाई आणि तेरजेच्या दोन्ही बाजू जुळल्यानंतरच ताळेबंदाला हात लावला जाई. दोन बाजूंत एका आण्याचा फरक राहिला तरी मुनीमजी वही मिटवीत नसत. तो आणा पदरचा टाकून फरक बुजविला असता, तर पेढीचे काही बिघडले नसते. पण चूक कोठे झाली हे कधीच कळले नसते, आणि जेथे एका आण्याची चूक लपते तेथे हजाराचीही लपू शकते. वहीत लिहिलेला आकडा केवळ लिहिलेला आहे म्हणून खरा ठरत नाही. दुसऱ्या वाटेने जाऊन तोच आकडा पुन्हा हाती आला, म्हणजे तो खरा ठरतो. व्यापारी घराण्यांत ही शिस्त पिढ्यान्पिढ्या शिकविली गेली.

हीच शिस्त आगमात एका फार मोठ्या संख्येच्या बाबतीत पाळलेली दिसते. ती संख्या एकोणतीस अंकांची आहे. तिचे वर्णन ज्या रीतीने केले आहे ती रीत पाहिली, म्हणजे शास्त्रकारांना मोठ्या संख्येचे नुसते कौतुक नव्हते, ती निर्दोष राहावी याचीही काळजी होती, हे ध्यानात येते.

चार लक्षणे

अनुयोगद्वार सूत्र हा श्वेतांबर आगमसाहित्यातील ग्रंथ. परंपरा त्याचे कर्तृत्व आर्यरक्षित स्थविरांकडे देते. विषयाचे विवेचन कोणकोणत्या द्वारांनी करावे हे सांगणे हा त्याचा हेतू, आणि त्या ओघात ‘प्रमाण’ म्हणजे मापन या विषयाला त्यात मोठी जागा मिळाली आहे. द्रव्य, क्षेत्र व काल यांची मापे सांगत असता मनुष्यांच्या जघन्य, म्हणजे कमीत कमी, संख्येचा प्रश्न येतो. सूत्र त्याचे उत्तर एकाच प्रकाराने देत नाही. ती संख्या एकोणतीस स्थाने व्यापते, असे एक लक्षण. ती तीन यमलपदांच्या वर आणि चार यमलपदांच्या खाली आहे, हे दुसरे. यमलपद म्हणजे आठ स्थानांचा गट, तेव्हा ही संख्या चोविसाव्या स्थानाच्या पुढे आणि बत्तिसाव्याच्या आत येते. सहाव्या वर्गाला पाचव्या वर्गाने गुणले असता ती मिळते, हे तिसरे. आणि तिचे शहाण्णव वेळा छेदन करता येते, म्हणजे ती शहाण्णव वेळा निम्मी होते, हे चौथे.

ही गणना शास्त्रातील मनुष्यलोकाची आहे. आजच्या शिरगणतीशी तिची तुलना करण्याचे येथे प्रयोजन नाही. पाहण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. या चार लक्षणांत संख्येचा एकही अंक मांडून दाखविलेला नाही, तरीही ज्याला गुणाकार येतो त्याला ती संख्या पूर्णपणे सापडते. विभूतिभूषण दत्त यांनी १९२९ मध्ये कलकत्ता गणित परिषदेच्या पत्रिकेत जैन गणितावर जो निबंध लिहिला, त्यानंतर गणिताच्या इतिहासकारांचे लक्ष या परंपरेकडे विशेष वेधले गेले.

वर्गांची शिडी

सूत्रातील ‘वर्ग’ दोन या अंकापासून मोजावयाचे आहेत. दोनाचा वर्ग चार, हा पहिला वर्ग. चाराचा वर्ग सोळा, हा दुसरा. सोळाचा वर्ग २५६, हा तिसरा. त्याचा वर्ग ६५,५३६, हा चौथा. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, हा पाचवा. आणि त्याचा वर्ग १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६, हा सहावा. दिगंबर परंपरेच्या करणानुयोगात शेवटच्या तिघांना स्वतंत्र नावे आहेत: चौथा वर्ग पण्णट्ठी, पाचवा बादाल आणि सहावा एकट्ठी. नित्य वापरातल्या वजनमापांना जशी नावे असतात, तशीच ही नावे अभ्यासकांच्या तोंडी बसलेली होती.

या शिडीचा वेग लक्षात घेण्यासारखा आहे. दोनाला दोनानेच गुणत गेले तर पाचव्या वर्गापर्यंत पोचण्यास एकतीस गुणाकार करावे लागतात. वर्गामागून वर्ग घेत गेले तर पाच पुरतात. सहाव्यापर्यंत पहिल्या रीतीने त्रेसष्ट गुणाकार, दुसऱ्या रीतीने सहा. सूत्राने सांगितलेली संख्या दोनाच्या शहाण्णव आवृत्त्यांचा गुणाकार आहे. ती पंचाण्णव गुणाकारांनी काढण्याऐवजी सहा वर्ग आणि एक गुणाकार, अशा सात पायऱ्यांत निघते. पाचवा व सहावा वर्ग परस्परांनी गुणले, म्हणजे ही संख्या येते:

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

स्थाने मोजली तर बरोबर एकोणतीस भरतात. सहावा वर्ग हा पाचव्याचाच वर्ग असल्यामुळे या संख्येकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी मिळते: ती पाचव्या वर्गाचा, म्हणजे बादालाचा, घन आहे. आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी गोम्मटसाराच्या जीवकांडात पर्याप्त मनुष्यांची संख्या सांगताना हाच घन सांगितला आहे. श्वेतांबर आगमातील गुणाकार आणि दिगंबर ग्रंथातील घन, वाटा निराळ्या. पण दोन्ही वाटांवर एकोणतीसच्या एकोणतीस अंक तेच येतात.

अर्धच्छेद

एखादी संख्या पूर्णांक राखून किती वेळा निम्मी करता येते, याला जैन गणितात ‘अर्धच्छेद’ ही संज्ञा आहे. आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. तेव्हा आठाचे अर्धच्छेद तीन. सोळाचे चार. सगळ्याच संख्या अशा रीतीने एकापर्यंत उतरत नाहीत. बारा ही संख्या दोनदा निम्मी होते, मग तीन उरतात आणि गाडी थांबते. ज्या चौऱ्याऐंशी लक्षांचा उल्लेख प्रत्येक जैन घरात होतो, ती संख्या घ्यावी. ८४ लाखांचे ४२ लाख, २१ लाख, साडेदहा लाख, सव्वापाच लाख, २,६२,५००, १,३१,२५० आणि ६५,६२५. सात छेदांनंतर विषम संख्या आली आणि छेद संपले. कारण चौऱ्याऐंशी लक्षांत दोनाबरोबर तीन, पाच आणि सात हेही अवयव आहेत. सूत्रातील संख्येत मात्र दोनाखेरीज दुसरा कोणताही मूळ अवयव नाही, म्हणून ती शहाण्णव वेळा निम्मी होऊन अखेर एकावर येऊन थांबते.

षट्खंडागमावरील धवला टीकेत आचार्य वीरसेन स्वामींनी अर्धच्छेदांचे नियम सांगितले आहेत. दोन राशींचा गुणाकार केला तर अर्धच्छेदांची बेरीज होते. राशीचा वर्ग केला तर अर्धच्छेद दुप्पट होतात. एखादी राशी मिळण्यासाठी किती वेळा वर्ग घ्यावा लागला, ती गणती म्हणजे ‘वर्गशलाका’. दोनाऐवजी तिनाने किंवा चाराने भागत गेले तर त्यांना अनुक्रमे ‘त्रिकच्छेद’ आणि ‘चतुर्थच्छेद’ म्हणावे. गुणाकाराचे काम बेरजेवर आणण्याची ही युक्ती युरोपात जॉन नेपियर यांच्या १६१४ च्या कोष्टकांमुळे प्रसिद्ध झाली. तिचे मर्म धवलेत राष्ट्रकूटकाळीच आलेले आहे.

आता सूत्रातील तिसरे व चौथे लक्षण शेजारी ठेवून पाहावे. पाचव्या वर्गाचे अर्धच्छेद बत्तीस, सहाव्याचे चौसष्ट. गुणाकारात त्यांची बेरीज होते, आणि बत्तीस व चौसष्ट मिळून शहाण्णव. जमा आणि नावे या दोन बाजू स्वतंत्रपणे मांडाव्यात आणि दोन्हींकडची बेरीज सारखीच यावी, तसा हा मेळ आहे.

दोन अटी आणि एकच संख्या

चार लक्षणे देण्याची खरोखरच गरज होती का, असा प्रश्न येईल. एकोणतीस स्थाने एवढेच सांगितले असते तर काहीच निश्चित झाले नसते, कारण एकोणतीस अंकी संख्या अगणित वाटाव्यात इतक्या आहेत. शहाण्णव छेद एवढेच सांगितले असते तरी शंका राहिली असती. या संख्येची दुप्पट, तिप्पट, पाचपट, कोणतीही पट शहाण्णव वेळा निम्मी होऊ शकतेच. पण दोन्ही अटी एकत्र घेतल्या तर काय होते? शहाण्णव वेळा निम्मी होणारी सर्वांत लहान संख्या म्हणजे हीच. त्यानंतरची तिची दुप्पट; आणि दुप्पट केली की एकशे अठ्ठावन्नाने सुरू होणारी तीस अंकी संख्या येते. म्हणजे सगळ्या एकोणतीस अंकी संख्यांमध्ये शहाण्णव छेद सोसणारी संख्या एकच आहे. स्थानांची गणती आणि छेदांची गणती, या दोन छोट्या आकड्यांनी एवढी मोठी राशी पूर्णपणे बांधली गेली. कोणी अंक विसरला, पोथीचे पान कसरीने खाल्ले, तरी ‘एकोणतीस’ आणि ‘शहाण्णव’ हे दोन शब्द शिल्लक असले तर संख्या परत उभी करता येते.

पोथ्या हाताने नकलल्या जात त्या काळात याचे मोल फार होते. शब्दातील चूक वाचकाला अर्थावरून कळते. अंकाची चूक अर्थावरून कळत नाही. चुकीचा अंकही खऱ्या अंकाइतकाच निमूटपणे पानावर बसतो. समजा, एखाद्या लेखनिकाकडून शेवटच्या सहा अंकांत, म्हणजे ९५०३३६ मध्ये, पहिल्या दोन अंकांची अदलाबदल झाली आणि ५९०३३६ असे लिहिले गेले. डोळ्यांना हा फरक सहज दिसत नाही. पेढीवर चालणारा नवाचा ताळाही येथे कामास येत नाही. अंकांची बेरीज आधी १२७ होती, अदलाबदलीनंतरही १२७ च राहते. तिच्यापासून दहा आणि दहापासून एक, हा ताळा दोन्हींकडे सारखाच. पण छेद करू लागले की चूक उघडी पडते. खोटी संख्या सहा वेळा बिनतक्रार निम्मी होते आणि मग विषम होते. सातवा छेद होतच नाही. जेथे शहाण्णव पायऱ्या उतरावयाच्या, तेथे सहाव्या पायरीवरच वाट बंद झाली म्हणजे नक्कल चुकली, असे समजावे.

नवाचा ताळा मात्र टाकाऊ नाही. गुणाकार करताना तोच पहिला राखणदार असतो. पाचव्या वर्गाच्या अंकांची बेरीज ५८, तिचे तेरा, तेराचे चार. सहाव्या वर्गाच्या अंकांची बेरीज ८८, तिचे सोळा, सोळाचे सात. चार आणि सात यांचा गुणाकार अठ्ठावीस, त्याचे दहा, दहाचा एक. उत्तराचा ताळाही एकच होता. प्रत्येक तपासणीची एक मर्यादा असते, म्हणून जाणता माणूस एका तपासणीवर थांबत नाही.

अक्षरांत ठेवलेले अंक

आचार्य नेमिचंद्रांनी याच संख्येसाठी आणखी एक राखण योजली. ते चामुंडरायांचे समकालीन, म्हणजे दहाव्या शतकातील. जीवकांडात त्यांनी एका गाथेत या संख्येचे सर्व एकोणतीस अंक अक्षरांच्या रूपाने ठेवले आहेत. त्यासाठी कटपयादि पद्धत वापरली आहे. तीत क पासून झ पर्यंतच्या वर्णांना एक ते नऊ, ट पासून ध पर्यंतच्या वर्णांना पुन्हा एक ते नऊ, प पासून म पर्यंत एक ते पाच आणि य पासून ह पर्यंत एक ते आठ अशी किंमत असते. ञ आणि न यांची किंमत शून्य. अंक एकं स्थानापासून डावीकडे मांडत जावयाचे. गाथेचे पहिले वर्ण त, ल, ल, न आणि म. त्यांच्या किमती सहा, तीन, तीन, शून्य व पाच. उजवीकडून डावीकडे मांडले की ५०३३६ हा संख्येचा शेवट तयार होतो. गाथेतील अखेरचे वर्ण झ आणि स, म्हणजे नऊ आणि सात. तेच संख्येचे आरंभीचे ७९.

एकोणतीस अंक पाठ करणे कठीण. छंदात बसलेली गाथा पाठ करणे लहान मुलालाही जमते. मात्रा चुकली की कान सांगतो, आणि अक्षर चुकले अशी शंका आली तर अर्धच्छेद निवाडा करतात. स्मरणशक्ती आणि गणित यांची अशी सोबत या एका संख्येला लाभली.

शेजारच्या संख्या

मोठ्या संख्येचा स्वभाव तिच्या शेजाऱ्यांवरूनही कळतो. सूत्रातील संख्येतून एक वजा केला तर जी संख्या उरते तिला ३, ५, ७, ९, १३, १७ आणि ९७ या सगळ्यांनी निःशेष भाग जातो. व्यवहारात सांगावयाचे तर एवढ्या मोहरा तीन जणांत, पाच जणांत, सात जणांत किंवा सत्त्याण्णव जणांत वाटल्या, तर दर वेळी एकच मोहर शिल्लक राहील. सत्त्याण्णवाचे कारण सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती पियेर द फर्मा यांच्या एका नियमात आहे. सत्त्याण्णव ही मूळ संख्या आहे. दोन ही संख्या, मूळ संख्येपेक्षा एकाने कमी इतक्या वेळा, म्हणजे येथे शहाण्णव वेळा, घेऊन गुणाकार केला तर त्या मूळ संख्येने भागल्यावर बाकी एकच राहते.

याच फर्मा यांनी १६४० च्या सुमारास वर्गांच्या शिडीविषयी एक अंदाज केला होता. दोनात एक मिळविला तर तीन, पहिल्या वर्गात मिळविला तर पाच, दुसऱ्यात सतरा, तिसऱ्यात २५७ आणि चौथ्यात ६५,५३७. या साऱ्या मूळ संख्या आहेत. तेव्हा पुढेही असेच असणार, असे त्यांना वाटले. १७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलर यांनी दाखवून दिले की पाचव्या वर्गात एक मिळवून येणारी ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ नाही. ती ६४१ आणि ६७,००,४१७ यांचा गुणाकार आहे. पाच उदाहरणे जुळली म्हणून सहावे जुळेलच असे नाही, हा धडा एवढ्या थोर गणितज्ञालाही घ्यावा लागला.

हा शोध सूत्रातील संख्येलाही लागू पडतो. ती पाचव्या वर्गाचा घन आहे. कोणत्याही घनात एक मिळविला की त्याला मूळ राशी अधिक एक, या संख्येने भाग जातो; पाचाचा घन १२५, त्यात एक मिळवून १२६, आणि त्याला सहाने भाग जातो, तसेच. म्हणून सूत्रातील संख्येत एक मिळविला तर येणाऱ्या संख्येला ६४१ ने आणि ६७,००,४१७ ने भाग जातो. उरतो तो तिसरा अवयव: सहाव्या वर्गातून पाचवा वर्ग वजा करून एक मिळविलेली संख्या, १,८४,४६,७४,४०,६९,४१,४५,८४,३२१. ही मूळ संख्या आहे, आणि आजच्या संगणकीय गूढलेखनात तिचा प्रत्यक्ष उपयोग केला जातो. मधल्या संख्येत दोनाखेरीज काही नाही, तिच्या एका बाजूस लहानसहान अवयवांची गर्दी, आणि दुसऱ्या बाजूस तीनच मूळ संख्या. एकाच्या अंतरावर असलेल्या तीन राशींचा स्वभाव इतका भिन्न असतो.

वहीपासून संगणकापर्यंत

धवलेची ताडपत्रे जुन्या कन्नड लिपीत मूडबिद्री येथे शतकानुशतके जतन केलेली होती. त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून मुंबईचे सेठ माणिकचंद आणि सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद या व्यापाऱ्यांनी पुढाकार घेतला. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून १९३९ मध्ये पहिला खंड निघाला, आणि सोळा खंडांचे ते काम १९५८ मध्ये पुरे झाले. त्या प्रकाशनामागेही एका व्यापारी सेठजींच्या दानातून उभा राहिलेला साहित्योद्धारक निधी होता. लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणितावर लिहिलेला लेख त्याच प्रकाशनात आला, आणि अर्धच्छेदांचे नियम आधुनिक अभ्यासकांपुढे गेले. व्यापाराच्या धनातून हिशेबाचीच एक प्राचीन विद्या पुन्हा उजेडात यावी, हा योग सुखाचा आहे.

आज दुकानाच्या संगणकावर बिल तयार होते तेव्हाही हे सारे दूर गेलेले नसते. संगणक सर्व काही दोनाच्या आवृत्तींत मोजतो. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्या बरोबर पाचव्या वर्गाइतकी आहे. ती अपुरी पडू लागल्यावर आलेल्या नव्या पद्धतीत पत्त्यांची संख्या सातव्या वर्गाइतकी ठेवली आहे. पैशाच्या हिशेबात मात्र संगणकाला एक अडचण येते. जुना रुपया निम्मा केला की अधेली, मग पावली, चवली, आणा, ढब्बू आणि पैसा. सहा छेदांत रुपयाचे चौसष्ट पैसे होत. ती नाणी दोनाच्या शिडीवर नेमकी बसत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. शंभरात पाच हा अवयव आहे, आणि निम्मे करण्याने पाचाचा भाग कधीही साधत नाही. म्हणून दहा पैसे, म्हणजे रुपयाचा दशांश, संगणकाच्या द्विमान अपूर्णांकांत कितीही स्थाने घेतली तरी अचूक लिहिता येत नाही. अत्यल्प चूक राहतेच, आणि हजारो नोंदींच्या बेरजेत ती वर येऊ शकते.

यावर उपाय असा केला जातो की रक्कम अपूर्णांकात न ठेवता पूर्णांकात ठेवावी आणि दशांशचिन्ह कोठे आहे ते वेगळे नोंदवावे. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रणालीत आर्थिक हिशेबासाठी ‘डेसिमल’ नावाचा जो प्रकार आहे, त्यात त्या पूर्णांकासाठी शहाण्णव द्विमान स्थाने राखून ठेवली आहेत. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या सूत्रातील संख्येहून बरोबर एकाने कमी आहे. तिचे शेवटचे अंक ३३६ ऐवजी ३३५, बाकी सव्वीस अंक तेच. ज्यांनी ही प्रणाली रचली त्यांनी आगम पाहून ती रचली, असे मुळीच नाही. दोनाच्या आवृत्तींनी मोजू लागले की सर्वांना त्याच पायऱ्यांवरून जावे लागते. तरीही पैन्पैचा हिशेब चुकू नये म्हणून राखलेल्या जागेची सीमा आणि आगमातील राशी एकमेकींना लागून असाव्यात, हे कोणाही व्यापाऱ्याला आवडेल असे आहे.

घरी करून पाहण्यासाठी

सुटीच्या एखाद्या दुपारी घरातील मुलांना मोठा कागद देऊन ही संख्या निम्मी करावयास सांगावे. पहिल्या छेदानंतर ३९,६१,४०,८१,२५,७१,३२,१६,८७,९६,७७,१९,७५,१६८ ही संख्या आली पाहिजे. मग पुढे चालावे. वाटेत मुक्काम ठरलेले आहेत. बत्तिसाव्या छेदाला एकट्ठी, म्हणजे सहावा वर्ग, भेटतो. चौसष्टाव्या छेदाला बादाल. ऐंशीव्या छेदाला ६५,५३६, अठ्ठ्याऐंशीव्याला २५६, ब्याण्णवाव्याला सोळा, चौऱ्याण्णवाव्याला चार आणि शहाण्णवाव्याला एक. एखाद्या मुक्कामावर अपेक्षित वर्ग भेटला नाही, तर चूक त्याच्या आधीच्या टप्प्यातच शोधावी. सगळा कागद पुन्हा तपासण्याचे कारण नाही. खतावणीतला फरक शोधताना जुने मुनीम हेच करीत: जेथपर्यंत मेळ बसला होता तेथे खूण करून पुढच्याच पानांवर बोट ठेवीत.

कागद भरून शेवटी एक आला, म्हणजे मुलांनी सूत्रातील चौथे लक्षण स्वतः पडताळून पाहिले, असे होईल. मग शेवटच्या ओळीखाली तारीख घालावी आणि कागद जपून ठेवावा.